मुलाच्या फोनवर पॅरेंटल कंट्रोल अ‍ॅप: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिने झाले हे अ‍ॅप टाकून. पहिल्याच आठवड्यात रिव्ह्यू लिहिला असता तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते, आता तीन देतेय. अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यात जे कमी पडलं ते अशा कुठल्याही अ‍ॅपमध्ये कमी पडू शकतं. मुलगा १४ वर्षांचा आहे.

जे चालतं ते खरंच छान चालतं. रात्री दहाला फोन लॉक, सकाळी सातला उघडतो, त्यावरून रोज होणारी वादावादी बंद झाली. नवीन अ‍ॅप टाकायचं तर आधी मला रिक्वेस्ट येते, आणि माझ्या मते निम्मे पैसे तिथेच वसूल.

पण फटी भरपूर. व्हिडिओचं अ‍ॅप बंद केलं तर तीच साइट ब्राउझरमध्ये उघडली, वेळेची मर्यादा घातली तर पठ्ठ्याने फोनचं घड्याळच मागे केलं, मग तारीख-वेळेची सेटिंग लॉक केली. राउटरवर क्लाउडफ्लेअर कंपनीचा फॅमिली डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा, नको त्या साइट ती उघडूच देत नाही; १.१.१.३, फुकट आहे) टाकला, त्याने पॉर्न आणि मालवेअरच्या साइट घरातल्या सगळ्या फोनवर बंद होतात, पण मोबाइल डेटा चालू केला की राउटरचा काही संबंधच राहत नाही. इन्स्टाग्रामवर सप्टेंबर २०२४ पासून टीन अकाउंट आलीत, अकाउंट आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणूस मुलाला मेसेज करू शकत नाही, १६ च्या खालच्या मुलांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. आमच्याकडे यातलं काहीच लागू झालं नव्हतं कारण अकाउंट उघडताना वय वाढवून आम्हीच टाकलं होतं. ते आधी तपासा.

मेसेज वाचायचं फीचर मी दोन महिने वापरलं. त्याला कळलं तेव्हा भांडला नाही, नुसता गप्प झाला, आणि मी खोलीत गेले की फोन उशीवर पालथा. ते बंद केलं आणि त्याला बंद केलेलं दाखवलं.

त्यानंतर महिन्याभराने रात्री साडेनऊला तो फोन घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, हे बघ ना जरा." गेममधल्या चॅटवर 'मी पण १४ ची' म्हणणारी कोणीतरी, तीन दिवस फक्त गेमबद्दल गोड बोलणं, मग "इथे नको, दुसऱ्या अ‍ॅपवर ये", मग स्वतःचा म्हणून एक फोटो आणि "आता तुझा पाठव, कोणाला सांगू नको". अ‍ॅपने मला यातलं अक्षरही दाखवलं नव्हतं, गेमच्या आतलं चॅट त्याला दिसतच नाही. त्याचा अंगठा थरथरत होता. मी ओरडले नाही, कसं जमलं देव जाणे.

त्याने काही पाठवलं नव्हतं. आधी स्क्रीनशॉट काढले, युजर आयडी लिहून घेतला, मग रिपोर्ट, आणि ब्लॉक सगळ्यात शेवटी, कारण काही ठिकाणी ब्लॉक केलं की चॅट दिसेनासं होतं आणि हातात पुरावा उरत नाही. फोटो गेलाच असेल आणि तो पसरवायची धमकी देऊन कोणी पैसे मागितले तर अजिबात देऊ नका, एकदा दिले की पुन्हा मागतात. अमेरिकेतल्या एनसीएमईसी (हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणारी) संस्थेची 'टेक इट डाउन' म्हणून फुकट सेवा आहे, वय १८ च्या आत असताना काढलेल्या नग्न फोटो-व्हिडिओंसाठी. त्यात फोटो कुठे अपलोड करावा लागत नाही, फोनवरच त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि सामील असलेल्या साइट त्यावरून तो फोटो शोधून हटवतात.

पुढच्या महिन्यात वर्गणी संपतेय. रिन्यू करणार आहे, पण झोपेची वेळ आणि अ‍ॅपची परवानगी एवढ्यापुरतंच, मेसेजवालं महागडं पॅक नको. गेमचं चॅट आता 'फक्त मित्र'वर आहे, ती सेटिंग त्यानेच मला दाखवली.