बडोद्याहून परदेशात पहिल्यांदा गाडी चालवायची, तर न्यूझीलंड की स्वित्झर्लंड?

दांडिया बाजारातल्या मराठी मंडळींत सुट्टीचे बेत सुरू झाले की हा प्रश्न निघतोच. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला न्यूझीलंड.

तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे. हात-पाय सवयीने चालतात, डोळे रस्त्यावर राहतात. दक्षिण बेटावर एकपदरी पूल बरेच लागतात. पाटीवर दोन बाण दिसतील. छोटा लाल बाण तुमच्या दिशेचा असेल तर थांबा, समोरच्याला आधी जाऊ द्या. आपल्याकडे दिवे मारून पुढे घुसतात, ती सवय कृपा करून इथेच ठेवून जा. मोकळ्या रस्त्यावर कमाल वेग साधारण ताशी १०० किलोमीटर, पण वळणांवर तो गाठायचा हट्ट नको.

स्वित्झर्लंडमध्ये सगळं उलटं. उजवीकडून चालवायचं, आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर पिवळ्या पोस्टबसला (तिथली सार्वजनिक प्रवासी बस) मागे सरून जागा द्यावी लागते. महामार्गासाठी ४० फ्रँकचं विन्येट, म्हणजे टोलचा पास, वेगळं. एवढं करूनही झरमॅट या डोंगरातल्या पर्यटनगावात गाडी नेता येत नाही, अलीकडच्या टेश गावात ठेवून रेल्वेच पकडायची. मग आधीपासूनच रेल्वेने का फिरू नये?

दोन्हीकडे जाण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो एक वर्ष चालतो. मूळ लायसन्सही सोबत हवंच, आणि विम्यात अपघातानंतर तुमच्या खिशातून किती जाईल तो आकडा सही करण्याआधी वाचा.