सर्व्हाव्हॅक एचपीव्ही लस: लेकीचे दोन्ही डोस झाले, सविस्तर रिव्ह्यू

लेकीचे सर्व्हाव्हॅकचे दोन्ही डोस झाले. शाळेच्या ग्रुपवरच्या बऱ्याच जणी विचारतायत की कुठली दिलीस, केवढ्याला पडली, त्रास झाला का, आणि मुळात एवढ्या लहान पोरीला द्यायचीच कशाला, म्हणून एकेकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. मोठं झालंय पण वाचा, कारण तीन ओळीत सांगण्यासारखी ही गोष्ट नाहीये.

लस कशावरची ते आधी. एचपीव्ही नावाचा व्हायरस आहे, त्याचे दोनशेच्या वर प्रकार आहेत आणि त्यातले चौदाएक धोक्याचे. शरीरसंबंधातून, त्वचेला त्वचा लागून तो पसरतो आणि इतका कॉमन आहे की बहुतेक बायकापुरुषांना आयुष्यात कधीतरी लागण होतेच. बऱ्याच जणांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, पत्तासुद्धा लागत नाही. काही जणींच्यात मात्र ठाण मांडून बसतो, काही दुखत नाही खुपत नाही, आणि पंधरा-वीस वर्षांनी गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊन समोर येतो. आपल्याकडे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात तोच. २०२२ साली जगात याच्या साधारण ६ लाख ६० हजार नवीन केसेस झाल्या आणि साडेतीन लाखाच्या आसपास बायका गेल्या. भारतात त्या एका वर्षात सव्वा लाखाहून जास्त केसेस आणि जवळपास ८० हजार मृत्यू. म्हणजे जगात या आजाराने गेलेल्या दर पाच बायकांमागे एक तरी आपली. आणि हा असा कॅन्सर आहे की ज्याचं कारण माहितीय, लस आहे, आणि कॅन्सर व्हायच्या आधीच पकडता येईल अशी टेस्टपण आहे. तरी एवढ्या जातात याचा मला फार राग येतो.

आता सर्व्हाव्हॅक. ही आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस, जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. त्याआधी भारतात बाहेरच्या कंपन्यांच्याच लसी होत्या, त्यांची किंमत ऐकूनच लोक गप्प बसायचे. सर्व्हाव्हॅक आली तेव्हा एका डोसची छापील किंमत २००० रुपये होती, दोन डोसची वायल (बाटली) ४००० ला. घ्यायच्या आधी तुमच्या मेडिकलमध्ये आत्ताची किंमत विचारा, काही क्लिनिक टोचायची फी वेगळी लावतात, तेही आधीच विचारून घ्या. दोन डोसची वायल असल्यामुळे आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी दोन मुलींना एकाच दिवशी बोलावलं होतं, त्यात वाईट काही नाही, उलट लेकीला सोबत मिळाली. तुमच्या बिल्डिंगमधल्या कोणाची मुलगी त्याच वयाची असेल तर दोघी मिळून जा.

लसीत जिवंत व्हायरस नसतो, मेलेलापण नसतो. व्हायरसचं जे बाहेरचं कवच असतं त्यातलं एक प्रोटीन यीस्टमध्ये तयार करतात, ते प्रोटीन आपोआप व्हायरससारख्या गोळ्यात जुळतं, आत काहीच नसतं. शरीर त्या पोकळ कवचाला बघून अँटीबॉडीज तयार करतं. त्यामुळे "लसीमुळेच लागण झाली तर?" हा प्रश्न मनातून काढून टाका, ते होऊच शकत नाही.

सर्व्हाव्हॅक चार प्रकारांवर आहे, ६, ११, १६ आणि १८. यातले १६ आणि १८ हे मुख्य गुन्हेगार, जगभरातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोघांमुळे आणि भारतात तर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जातं. ६ आणि ११ मुळे कॅन्सर होत नाही, गुप्तांगावर चामखीळ येतात, ते पण टळतं. बाजारात नऊ प्रकारांवरची गार्डासिल ९ पण आहे, तिच्यात ३१, ३३, ४५, ५२, ५८ हे जास्तीचे पाच येतात आणि एका डोसला दहा हजाराच्या आसपास लागतात. परवडत असेल तर ती घ्या, संरक्षण जास्त आहे यात वाद नाही. पण "पैसे साठले की नऊवाली देऊ" म्हणून पोरगी अठरा-वीसची होईपर्यंत थांबणाऱ्या आया मी बघितल्यात, आणि ते मला अजिबात पटत नाही. वेळेवर दिलेली चारवाली ही उशिरा दिलेल्या नऊवालीपेक्षा चांगली. एका मोठ्या हॉस्पिटलच्या काउंटरवर मला सर्व्हाव्हॅकचं नावच सांगितलं नाही, सरळ महागवालीचं इस्टिमेट हातात दिलं, मी स्वतः नाव घेतल्यावर मग "हो ती पण आहे" म्हणाले. म्हणून नाव लक्षात ठेवून जा.

लसीची एक मर्यादापण सांगते. सर्व्हाव्हॅक नवीन आहे. गार्डासिल (नऊवालीच्या आधीची, चार प्रकारांवरची) २००६ पासून आहे, त्यामुळे तिने प्रत्यक्षात कॅन्सर किती कमी झाले याचे आकडे देशोदेशी आहेत. सर्व्हाव्हॅकचे तसे आकडे यायला अजून खूप वर्षं जातील. तिची चाचणी भारतातल्या दोन हजारापेक्षा जास्त मुलामुलींवर आणि तरुणांवर झाली, तिच्यात अँटीबॉडीज गार्डासिलच्या तुलनेत कमी पडत नाहीत हे बघितलं गेलं आणि त्यावर परवानगी मिळाली. लसींच्या बाबतीत ही मान्य पद्धत आहे आणि मला ती पुरेशी वाटली, पण ज्यांना हा फरक महत्त्वाचा वाटेल त्यांना तो माहिती असावा.

वयाबद्दल. ९ ते १४ वर्षांत दोन डोस, मध्ये सहा महिने. १५ ते २६ मध्ये तीन डोस, पहिला, मग दोन महिन्यांनी, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. म्हणजे पंधराव्या वाढदिवसाच्या आत सुरू केलं तर एका डोसचे पैसेपण वाचतात आणि टोचणंपण, शिवाय या वयात अँटीबॉडीज जास्त चांगल्या तयार होतात. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, लग्न ठरलं की दे ना, आत्तापासून काय घाई?" तर घाई हीच आहे की लस व्हायरस आत यायच्या आधी दिली तरच पूर्ण उपयोगी पडते, आत शिरलेल्याला ती बाहेर काढत नाही. गोवरची लस आपण गोवर आल्यावर देत नाही ना. आणि या लसीमुळे मुली बिघडतील वगैरे जे काही बोललं जातं त्याला माझं एकच उत्तर आहे, माझ्या मुलीला मी एका कॅन्सरपासून वाचवतेय, त्यात तिच्या चारित्र्याचा विषय कुठून आला. आमच्या सासूबाईंनी हे ऐकल्यावर स्वतःहून विचारलं, "धाकटीला कधी द्यायची?"

त्रास म्हणाल तर दंड दुखला, थोडा लाल झाला, रात्री अंग जरा कोमट वाटलं, पॅरासिटामॉल द्यायची वेळ आली नाही. दुसऱ्या डोसला त्याहून कमी. या वयाच्या मुलींना सुई बघून चक्कर येते म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, ते टाळू नका, आणि उपाशीपोटी नेऊ नका. पाळी चालू असताना देता येते. लसीमुळे पुढे मूल होत नाही ही निव्वळ अफवा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर दर थोड्या दिवसांनी "लसीने मुली मेल्या" असा मेसेज फिरतो, त्याचं मूळ काय ते पण सांगते. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प चालू होता, त्यात सात मुलींचे मृत्यू झाले आणि २०१० मध्ये सरकारने सगळं थांबवलं. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं दिसलं नाही, त्यात साप चावणं, बुडणं, कीटकनाशक पोटात जाणं अशी कारणं होती. पण पालकांची संमती नीट घेतली नव्हती, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या घेतल्या होत्या, यावर कडक ताशेरे आले आणि ते यायलाच हवे होते. गरिबाच्या पोरीच्या आईबापाला न विचारता लस देणं चूकच, लस कितीही चांगली असली तरी. त्या गोंधळाने देशाची दहा-बारा वर्षं वाया गेली.

त्यातून एक वेगळीच गोष्ट कळली. त्याच सुमाराला दोन आणि तीन डोसची तुलना करणारा एक मोठा अभ्यास देशात चालू होता, त्यात आपली पुणे आणि बार्शी ही दोन्ही केंद्रं होती. सरकारने थांबवल्यामुळे तोही अर्धवट राहिला आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी या मुलींना सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले, आणि दहा वर्षांनी दिसलं की एक डोस मिळालेल्यांनासुद्धा १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून जवळपास ९५ टक्के संरक्षण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २० वर्षांपर्यंतच्या मुलींना एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे हा पुरावा होता. मात्र ती एका डोसची माहिती गार्डासिलवरची आहे, सर्व्हाव्हॅकच्या पाकिटावर दोन डोस लिहिलेत म्हणून आम्ही दोन दिले.

माझं माहेर बार्शीकडचं, त्यामुळे अजून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. उस्मानाबाद म्हणजे आत्ताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी खेड्याखेड्यातून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारावर बायकांना अभ्यासात घेतलं होतं. गावांचे गट पाडले, कुठे एचपीव्ही टेस्ट (व्हायरस आहे का ते बघणारी), कुठे पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासणं), कुठे व्हिनेगर लावून बघायची तपासणी, कुठे नेहमीचंच. २००९ मध्ये निकाल छापून आला, आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. शेतात खुरपायला जाणाऱ्या, कधी डॉक्टरसमोर झोपायला तयार नसलेल्या आपल्या बायकांनी ही तपासणी करून घेतली आणि जगाला एवढी मोठी गोष्ट कळाली, आणि तिकडे कोणाला हे माहितीच नाही. अंगावरून पांढरं जातंय, पाळी गेल्यावर परत रक्त दिसतंय, आणि बाई म्हणते "होईल कमी", अंगावर काढते, आणि दवाखान्यात येते तेव्हा तिसरी स्टेज असते, हे मी नात्यात बघितलंय.

म्हणून आयांनो, लेकीला नेताना स्वतःची टेस्ट ठरवून या. लस घेतलेल्या मुलींनीसुद्धा तिशीनंतर टेस्ट करायचीच आहे, कारण लसीत सगळे प्रकार नसतात. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० चं टार्गेट आहे की ९० टक्के मुलींना पंधराच्या आत लस, ७० टक्के बायकांची ३५ वर्षांपर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत परत एकदा चांगली टेस्ट, आणि दोष सापडलेल्या ९० टक्के जणींवर उपचार. लस देऊन देश काय करू शकतो ते स्कॉटलंडने दाखवलंय, २००८ पासून शाळेत लस द्यायला लागले आणि १२-१३ व्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींत २०२४ च्या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची एकही केस सापडली नाही. एकही नाही! आपल्याकडे सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांमधून जवळपास सगळ्या मुलींना देऊन दाखवली, शिक्षक आणि आशाताई घरोघरी बोलले होते. पैशाची अडचण असेल तर आधी तुमच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे मोफत लसीची चौकशी करा, मिळत असेल तर बिनधास्त घ्या, फुकटची म्हणून हलकी असते असं काही नाही.

मुलग्यांचं विचारलंत तर हो, सर्व्हाव्हॅक मुलग्यांनापण चालते. घशाचा, गुदद्वाराचा, लिंगाचा कॅन्सर यातही एचपीव्ही असतो, आणि मुलगे सुरक्षित झाले की पुढे मुलीपण. हात आखडता असेल तर आधी मुलगी, मग मुलगा. भाच्याचा पहिला डोस झालाय.

रेटिंग: लसीला पाचपैकी पाच. किमतीला चार, कारण दोन मुली असलेल्या रोजंदारीवरच्या घराला ही रक्कम अजूनही जड आहे. माहिती देण्याला दोन, कारण मी विचारेपर्यंत एकाही दवाखान्यात कोणी आपणहून या लसीचा विषय काढला नाही, बाळाच्या लसींचं कार्ड दीड वर्षाचं झाल्यावर जे कपाटात जातं ते परत कोणी मागतच नाही. ते कार्ड काढा, त्यावर डोसची तारीख आणि बॅच नंबर लिहून घ्या, शिक्का मारून घ्या आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवा. दुसऱ्या डोसची तारीख पहिल्याच दिवशी रिमाइंडरला टाका. सहा महिन्यांच्या थोडं पुढे गेलं तर काही बिघडत नाही, परत पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, पण राहून जाऊ देऊ नका.