आठ महिने पद्मिनी चालवल्यावर, दिवेआगरच्या सहलीसकट

माझी प्रीमिअर पद्मिनी १९८४ची. घेऊन आठ महिने झाले. आठवड्यातून तीनदा तरी बाहेर काढतो, पण गाडी खरी कळली ती मागच्या महिन्यात, जुन्या गाड्यांच्या आमच्या क्लबबरोबर पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला तंबू टाकायला गेलो तेव्हा. नऊ गाड्या होत्या.

१०८९ सीसीचं इंजिन वेगासाठी नाहीच. पासष्ट-सत्तरला ती मजेत चालते, त्यापुढे आपणच तिला छळतो. गिअर स्टिअरिंगला, सवय व्हायला पंधरा दिवस लागले. आता उलट नव्या गाडीत बसलो की हात तिकडेच जातो.

ब्रेकबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. चारही चाकांना ड्रम. घेतल्यावर एका गॅरेजमध्ये सगळं काम करून घेतलं, तरी दोन महिन्यांत मागच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरमधून ऑइल गळायला लागलं. सील चढवताना दुमडलं गेलं होतं. पेडल खाली जातंय हे पार्किंगमध्येच लक्षात आलं म्हणून वाचलो. त्यानंतर दर रविवारी चाकांच्या आतल्या बाजूने बोट फिरवून बघतो. ताम्हिणी पूर्ण सेकंड गिअरमध्ये उतरलो. ब्रेक फक्त वळणाआधी, तेही दाबून सोडायचे. खाली निजामपूरला चारही ड्रम हाताला कोमट लागले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन करत दुपारपर्यंत पोहोचलो. तंबू एका वाडीच्या टोकाला, सुरूंच्या सावलीत. २०२० च्या निसर्ग वादळात इथली किती झाडं गेली ते मोकळ्या जागा बघून कळतं. रेतीत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत रेती भरून त्या पुरल्या आणि दोऱ्या त्यांना बांधल्या, मग रात्रभर हलला नाही. किनाऱ्यावर कुणीही गाडी उतरवली नाही. इथे कासवं अंडी घालतात, आणि गाडीसाठीही ते वाईटच.

वाडीचे काका म्हणाले, “दादा, गाडी घराच्या आडोशाला लावा. खारा वारा पत्रा खातो.” लावली. तरी सकाळी बॉनेटवरून हात फिरवला तर तळव्याला चिकट थर, जिभेला लावला तर खारट.

परतताना ताम्हिणीच्या चढावर भर दुपारी गाडी बंद पडली. पेट्रोलचा पंप इंजिनलाच बसवलेला असल्यामुळे तापतो, नळीत पेट्रोलची वाफ होते आणि कार्ब्युरेटरपर्यंत काही पोहोचत नाही. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवलं, पंधरा मिनिटांनी गाडी चालू. बरोबरच्या अँबॅसिडरवाल्यांनी न विचारता पाण्याचा कॅन पुढे केला. या लोकांसाठी मी पुन्हा जाईन. निघायला मात्र पहाटे पाचला. आणि रबरी नळ्या बदलाच. पेट्रोल पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात नरम पडतं. मी इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्यात.

घेऊ का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हो. फक्त समुद्रावर नेलीत तर घरी आल्या-आल्या गोड्या पाण्याने खालून धुवा. मी जॅकवर चढवून तासभर पाइप मारला, चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, सगळं. परवा मागचे पाटे, म्हणजे पात्यांच्या स्प्रिंगा, ग्रीस करायला बसलो, तर पात्यांमधून दिवेआगरची चिमूटभर रेती निघालीच. पुन्हा धुतली.