आठ महिन्यांचा अनुभव: गोळी चांगली, पण हात बर्फासारखे का?

एचआयव्हीसाठी अटाझानाविर ३०० आणि जोडीला रिटोनाविर १०० सुरू करून आठ महिने झाले. चौथ्या महिन्यातच व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, 'सापडत नाही' असा आला, त्यामुळे मूळ कामाबद्दल तक्रार नाही. अटाझानाविरने बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य) वाढून डोळे पिवळट दिसायचे. यकृताचा आजार नाही हे भेटेल त्याला सांगत बसायचं, एवढाच ताप.

माझी तक्रार बोटांची. सहाव्या महिन्यात एका सकाळी उजव्या हाताची बोटं पांढरीफटक आणि टोकं निळसर. पाय गार, चार पावलं चाललं की पोटऱ्या आवळायच्या. ऑक्सिमीटर लावला तर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. सेल उतरले असतील म्हणून नवे घातले, तरी रेघाच. रिटोनाविरला शिव्या घालणारा रिव्ह्यू मी तेव्हाच अर्धा लिहून ठेवला होता.

तो आता खोडतोय. निम्मा तरी.

डॉक्टर बराच वेळ मनगटावर नाडी चाचपत होते. लागेना. डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्रावर, कशीबशी सापडली. "आणखी काय घेता?" "काही नाही." "डोकं दुखलं तर?" तेव्हा कुठे अर्धशिशीची जुनी स्ट्रिप आठवली. अर्गोटामिन आणि कॅफिन. चार गोळ्या उरल्या होत्या, टाकायच्या कशाला म्हणून ठेवलेल्या. आदल्या दोन दिवसांत त्यातल्या दोन घेतल्या.

रिटोनाविर यकृतातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम अडवतं. ते दिलेलंच त्यासाठी असतं, म्हणजे अटाझानाविर लवकर मोडत नाही. पण अर्गोटामिन मोडायचं कामही तेच एन्झाइम करतं. ते अडलं की अर्गोटामिन रक्तात साचतं आणि धमन्या आवळतात. अर्गोटामिन ज्यातून येतं ती अर्गट ही राय धान्यावरची बुरशी; मध्ययुगीन युरोपात असलं धान्य खाऊन लोकांचे हातपाय काळे पडून झडायचे. मी ते दोन गोळ्यांत जमवत आणलं होतं.

अर्गोटामिन त्याच क्षणी बंद. धमन्या सैल करायला सलाइनमधून औषध, चार दिवस भरती. पुढे डॉक्टरांनी ही जोडी बदलून डोलुटेग्राविर हे एचआयव्हीचंच दुसरं औषध दिलं, ते हे एन्झाइम अडवत नाही.

राग अजून आहे. सुरुवातीला हा प्रश्न कुणीच विचारला नाही. माहितीपत्रकात इशारा आहे, भिंग घेऊन वाचला. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. तर्जनीचं टोक अजून बधिर आहे. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. जुने सेल परत घालून पाहिले, त्यांच्यावरही ९८च.