सज्जनगडावर जोडीनं सेवा : साठी उलटलेल्यांसाठी

नोकरी संपली, मुलं मार्गी लागली, आता दोघांनी मिळून पंधरा दिवस कुठंतरी सेवेला जावं, असं सातारा-सांगलीकडच्या घरात बोलणं निघालं की पहिलं नाव सज्जनगडाचंच येतं. योग्यच आहे. समर्थ रामदासांची समाधी, रोजची उपासना, पंगतीचा प्रसाद आणि कामाला कधी नाही म्हणायची वेळ येत नाही, हे सगळं एका जागी क्वचित मिळतं. पण दर्शनाला जाऊन येणं वेगळं आणि तिथं राहून काम करणं वेगळं. दर्शनाला मन लागतं, सेवेला गुडघेसुद्धा लागतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट. गडावर दोन स्वतंत्र संस्था आहेत. एक श्रीरामदास स्वामी संस्थान आणि दुसरं समर्थ परंपरेतल्या श्रीधरस्वामींच्या प्रेरणेनं १९५० साली उभं राहिलेलं श्रीसमर्थ सेवा मंडळ. कार्यालयं वेगळी, राहण्याची सोय वेगळी. फोन एकीकडे करायचा आणि पिशव्या घेऊन दुसरीकडे उभं राहायचं, असं होतं. बोलणं कोणाशी झालं, त्यांचं नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवा. फोनवरच विचारून घ्या, की खोली तळमजल्यावर मिळेल का, कमोड आहे का, नवरा-बायकोला एकत्र खोली आहे की पुरुष-बायकांची निजण्याची जागा वेगळी, आणि काम कोण ठरवून देणार. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग दोन दिवस नुसते ओट्यावर बसून काढतात.

सातारा बसस्थानकावरून गडाला एसटी आहे, अंतर सुमारे १६ किलोमीटर. ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, आणि बायकांना पंचाहत्तरीपर्यंत कुठल्याही वयात अर्धंच. आधार कार्ड पिशवीच्या तळाशी नको, वरच्या खिशात ठेवा. गाडी वरच्या गाडीतळापर्यंत जाते. परळी गावातून जाणारी जुनी पायऱ्यांची वाट सामान घेऊन या वयात चढू नये. गाडीतळावरूनसुद्धा शंभराहून जास्त पायऱ्या आहेत, दगडी आणि उंचीला सारख्या नाहीत. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा पाय आधी. गुडघ्यावर खरा भार येतो तो उतरताना, म्हणून पहिल्याच दिवशी खालीवर दोन फेऱ्या मारू नका. एका माणसानं पाच-सहा किलोच्या वर ओझं घेऊ नये आणि एक हात मोकळा ठेवावा. पिशवी खांद्यावर, खाण्याचा पुडा आत. माकडं हातातला पुडा हेरतात आणि तो वाचवायच्या नादात तोल जातो.

आता कामाचं. कामाची निवड चुकली की पंधरा दिवस जड जातात, म्हणून हे नीट बघा.

स्वयंपाकघरातलं काम सगळ्यांना हवं असतं आणि तिथंच कंबर जाते. गडाचा प्रसाद म्हणजे आमटी-भात आणि गव्हाची खीर. बसून करायची कामं मागून घ्या : गहू-तांदूळ निवडणं, नारळ खवणं, भाजी चिरणं. विळीवर तासभर मांडी घालून बसवत नसेल तर पहिल्याच दिवशी स्टूल आणि सुरी मागा, त्यात संकोच नको. खिरीत एक बारकावा आहे, तो नव्या हातांना सांगावा लागतो. सडलेला, म्हणजे कांडून कोंडा काढलेला, गहू शिजल्यावर बोटांनी दाबला की चुरडला पाहिजे, त्यानंतरच गूळ पडतो. आधी घातला तर दाणा तिथंच अडतो, मग कितीही शिजवा, कणी राहतेच. आणि दूध घालायचं असेल तर उकळत्या गुळात नाही, खीर खाली उतरून वाफ बसल्यावर. नाहीतर फाटतं.

वाढपाला उत्साहानं उभे राहणारे बरेच. पण हिशेब करा. पन्नास पानांची पंगत आणि चार पदार्थ म्हणजे दोनशे वेळा वाकणं, तेही एका वेळच्या पंगतीला. दहा लिटरची बादली भरली की दहा किलोच्या वर जाते. अर्धीच भरून घ्या, दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी चालतील. भरल्या बादलीतून आमटी हिंदकळते, फरशी निसरडी होते आणि मागून येणारा भाताचं पातेलं घेऊन घसरतो. जेवणाआधीचे श्लोक सुरू व्हायच्या आत भात पानावर गेलेला असावा, त्या वेळी फक्त आमटी हातात राहिलेली बरी. पाठीचं दुखणं असेल तर वाढप घेऊच नका, पाण्याचे पेले भरून द्यायचं काम घ्या.

देवघराच्या बाजूची कामं या वयाला सगळ्यात जुळतात. वाती वळणं, तुळशी निवडून हार करणं, समया-निरांजनं घासणं. गंध उगाळायचं काम मिळालं तर भाग्य समजा. सहाणेवर पाणी थेंबाथेंबानं, खोड उभं धरून गोल फिरवायचं, मनगटानं नाही, खांद्यातून. घाई करून पाणी जास्त पडलं की गंध पातळ होतं आणि लावल्यावर ओघळतं. दाट गंधाची एक वाटी भरायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, तेवढा वेळ हातात घेऊनच बसा. तो वास दिवसभर बोटांना राहतो. मूर्तीची आणि समाधीची पूजा मात्र पुजाऱ्यांची. त्यात हात घालायचा हट्ट धरू नये.

आणि तिसरं काम, ज्याची खरी गरज आहे आणि ज्याला माणसं कमी पडतात : आलेल्यांना गड सांगणं. निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, मामलेदार कचेरीतली माणसं इथं शोभतात. दहा मिनिटांत सांगता येईल एवढंच बांधून घ्या. हा मूळचा परळीचा किल्ला. १६७३ साली शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला. १६७६ मध्ये समर्थ इथं राहायला आले आणि सज्जनगड हे नाव रूढ झालं. माघ वद्य नवमी, शके १६०३, म्हणजे १६८२च्या जानेवारीत समर्थांनी देह ठेवला. समाधीवर संभाजी महाराजांच्या काळात मंदिर उभं राहिलं. वर राम आणि खाली तळघरात समाधी. १७०० मध्ये किल्ला मोगलांकडे गेला तेव्हा त्यांनी नाव ठेवलं नौरसतारा. १६७३ आणि १६७६ यांची सरमिसळ लोक हमखास करतात, तिथं थांबून सांगा. दासबोध इथंच लिहिला का, असं दर दुसरं माणूस विचारतं. परंपरा शिवथरघळीचं नाव घेते. समर्थांच्या शेजघरातल्या वस्तू दाखवताना, त्यांचे शिष्य कल्याणस्वामी ज्यातून उरमोडी नदीचं पाणी आणत ते हंडे दाखवताना, जे परंपरेनं सांगितलं जातं तिथं 'असं सांगतात' हे दोन शब्द जोडावेत. श्रद्धा त्यानं कमी होत नाही, उलट ऐकणाऱ्याचा आपल्यावर विश्वास बसतो. मिरज-जतकडच्या ज्यांना कानडी येतं त्यांनी ते आधीच सांगून ठेवावं. श्रीधरस्वामींची समाधी कर्नाटकात वरदपूरला आहे, तिकडची माणसं इथं येतात आणि आपल्या भाषेत कोणी दोन वाक्यं बोललं की त्यांचा चेहराच बदलतो.

दोघांनी एकच काम घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एकाची पाठ धरली की दुसरा त्याच्यापाशी बसतो आणि ज्यांनी कामाची वाटणी केली त्यांची दोन माणसं एकदम कमी होतात. एकानं सकाळचं काम घ्यावं, दुसऱ्यानं दुपारनंतरचं. संध्याकाळची उपासना एकत्र.

हवामानाबद्दल कोणी पुरेसं बजावत नाही. पहिल्यांदा जाताना पावसाळा टाळा. धुकं इतकं उतरतं की पलीकडची इमारत दिसत नाही, दगडावर शेवाळ येतं आणि सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात कासच्या फुलांना आलेली गर्दी शनिवार-रविवारी गडावरही येते. दासनवमीचा उत्सव माघ वद्य प्रतिपदेपासून नवमीपर्यंत. तेव्हा हात हवेच असतात, पण नवख्या जोडीनं तो दुसऱ्या वर्षी करावा. दिवाळीनंतर ते पौषापर्यंत, हा काळ उत्तम. पहाटे काकड आरतीला कानटोपी, स्वेटर आणि पायांत मोजे हवेत, फरशी बर्फासारखी असते. धाब्याच्या मारुतीकडे वारा एवढा असतो की हलक्या अंगाच्या माणसानं कड्यापासून लांबच उभं राहावं. उन्हाळ्यात पाणी जपून वापरायचं, अंघोळ एका बादलीत.

औषधं मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची घ्या आणि दोघांच्या गोळ्या वेगळ्या डब्यांत. रात्री गडाचा दरवाजा बंद होतो आणि मोठा दवाखाना साताऱ्यात, हे लक्षात ठेवूनच ठरवा. गेल्या सहा महिन्यांत हृदयाचं काही झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असलेल्यांची अडचण दुहेरी. पहाटे उपाशीपोटी उठून काम केलं तर साखर उतरते आणि दुपारी खीर रोज समोर येते. खिशात दोन बिस्किटं ठेवा, खीर चमचाभर प्रसाद म्हणून घ्या. वाढणाऱ्याला आधीच सांगितलं की तो आग्रह करत नाही.

दासबोध सोबत न्या, मोठ्या टायपाचा. २० दशक, २०० समास, ७७५१ ओव्या. पंधरा दिवसांत पारायण करायचं तर रोज १३-१४ समास पडतात, म्हणजे दुपारचा एक-सव्वा तास. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, समासागणिक पाळी बदलायची. घरी वर्षानुवर्षं राहून गेलेलं पारायण इथं होतं, कारण टीव्ही नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आपलं काम पुढच्या माणसाच्या हातात द्या. वातींचा डबा किती भरला आहे, कुठल्या समईचं तेल झिरपतं, स्टूल कुठं ठेवलं आहे, एवढं कागदावर लिहून डब्याच्या झाकणात ठेवलं तरी नव्या जोडीचे पहिले दोन दिवस वाचतात.