मियाटासाठी टर्बो, के24 की व्ही8?

पहिल्या दोन पिढ्यांच्या मझदा मियाटा या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये जास्त ताकद हवी असेल, तर अश्वशक्तीचा आकडा बाजूला ठेवून आधी टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, बघा. इंजिनाच्या मागचं काय काय बदलावं लागेल, हे टॉर्कवरच ठरतं. मूळ 1.8 लिटर इंजिन साधारण 150 न्यूटन-मीटर देतं, होंडाच्या के24 मालिकेतलं के24ए2 सुमारे 225 आणि जनरल मोटर्सच्या (जीएम) एलएस मालिकेतलं व्ही8 इंजिन एलएस3 सुमारे 575.

इंजिन न बदलता टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) लावणं सगळ्यात स्वस्त. पण मूळ कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारे दांडे) साधारण 320-340 न्यूटन-मीटरच्या पुढे वाकतात आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स त्याआधीच हात टेकतो. मोठे इंजेक्टर, इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा) आणि ट्यून करता येणारा ईसीयू (इंजिनाचा संगणक) यांत काटकसर केलीत, तर नॉकिंगने, म्हणजे इंधन अवेळी भडकल्याने, पिस्टन जातो. सर्किटवर सलग फेऱ्या मारायच्या असतील, तर बॉनेटखालची उष्णता हीच मोठी डोकेदुखी.

बहुतेकांनी के24च घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. अॅल्युमिनियमचा ब्लॉक असल्याने पुढच्या चाकांवरचा भार फारसा बदलत नाही. अॅडॉप्टर प्लेट लावून मियाटाचाच सहा गिअरचा गिअरबॉक्स चालतो, आणि तो डिफरन्शियलशी (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) जोडणारी लांब चौकटही जागेवर राहते. घेताना ब्लॉकवरचा कोड स्वतः वाचा. 2004 ते 2008 च्या अॅक्युरा टीएसएक्स या होंडाच्याच गाडीतलं के24ए2 हवं, त्यात सुमारे 200 अश्वशक्ती मिळते. के24ए4 दिसायला तसंच, पण त्याच्या हेडमध्ये (इंजिनाचा वरचा भाग) वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारे कॅम लोब नाहीत. के24झेड3 मध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, त्यामुळे नेहमीचा हेडर (एक्झॉस्टच्या नळ्यांचा संच) बसत नाही. 7,500 आरपीएमच्या वर फिरवायचं असेल, तर बॅलन्स शाफ्टसकटचा (थरथर कमी करणारे दांडे) मूळ ऑइल पंप काढून के20ए2चा बसवा.

हे इंजिन उंच आहे. त्यामुळे मियाटाच्या सबफ्रेमसाठी (इंजिन पेलणारी खालची चौकट) केलेला वेगळा ऑइल पॅन लागतो. वायरिंगला हात लावण्याआधी रिकामं इंजिन माउंटवर बसवा, व्हॉल्व्ह कव्हरवर मऊ मातीचे गोळे ठेवा आणि बॉनेट अलगद बंद करा. दबलेला गोळा 12 मिलिमीटरपेक्षा पातळ निघाला तर माउंट खाली घ्या, कारण जोर लागला की इंजिन डुलतं.

एलएस व्ही8 म्हणजे जवळपास नवी गाडी बांधणं. टी56 गिअरबॉक्स, वेगळा पुढचा सबफ्रेम, मोठा डिफरन्शियल आणि त्यासाठी स्वतंत्र टेकू, जाड अॅक्सल, मोठा रेडिएटर, मोठे ब्रेक: यातलं काहीच टाळता येत नाही. वजन साधारण 80 ते 110 किलोंनी वाढतं. हेडर आणि स्टिअरिंग शाफ्ट एकमेकांना भिडतात, म्हणून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघितल्याशिवाय वेल्डिंग पक्कं करू नका. ईसीयू इंजिनाच्या जोडीचाच घ्या. ईसीयू क्रँकवरच्या दातेरी चकतीवरून इंजिनाची स्थिती ओळखतो: एलएस1वर ती 24 दात्यांची असते, एलएस3वर 58 ची. अदलाबदल झाली तर स्टार्टर नुसता फिरत राहतो, इंजिन सुरू होत नाही.

1993 पर्यंतची 1.6 गाडी असेल, तर के24 घेतानाही तिचा लहान डिफरन्शियल आधी काढा आणि 1994 पासूनच्या 1.8 चा घाला. इंजिनबदलाची नोंदणीतली परवानगी मात्र जुनं इंजिन उतरवण्याआधीच हातात हवी.