आप्पांच्या लाकडी रॅकेटचं गटिंग, जळगावातल्या एका दुकानाचा अनुभव

आप्पा म्हणजे माझे आजोबा भुसावळला रेल्वेत होते, ड्युटी सुटली की बॅडमिंटन खेळायला जायचे. मागच्या दिवाळीत जुनं घर आवरताना त्यांच्या दोन लाकडी रॅकेट निघाल्या. एक माळ्यावर प्रेसमध्ये, म्हणजे ती लाकडी चौकट असते ना चार कोपऱ्यांना बोल्ट आणि कानवाले नट असलेली, तिच्यात आवळून ठेवलेली. दुसरी तर आम्ही लहानपणापासून बघतोय, बैठकीत आप्पांच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगलेली. काकांचं म्हणणं दोन्ही काचेच्या फ्रेममध्ये घालायच्या, माझं म्हणणं एकदा तरी खेळून बघू, आणि माझी पोरगी नववीत आहे, बॅडमिंटन खेळते, तिला तर लगेचच पाहिजे होती. आठ दिवस फॅमिली ग्रुपवर महाभारत चाललं.

आधी गटिंगला, म्हणजे नव्या तारा बसवून घ्यायला, एका चकाचक दुकानात गेलो तर तिथल्या पोराने हातसुद्धा न लावता सांगितलं अंकल ही शोपीस आहे, आणि ग्रॅफाइटच्या रॅकेट काढायला लागला. मग मित्राने जिन्याखालचं हे छोटं दुकान सांगितलं. बोर्डही धड नाही. दुकानदार साठीचे असतील, अमळनेरकडचे, निम्मं अहिराणीत बोलतात.

त्यांनी दोन्ही रॅकेट काउंटरच्या काचेवर आडव्या ठेवल्या. प्रेसमधली सपाट बसली, दुसरी मोडक्या पायाच्या स्टुलासारखी डुगडुग हलायला लागली. "ही टांगेल होती ना?" मी म्हटलं हो, जपून ठेवलेली. हसले. म्हणे लाकडाच्या पट्ट्या चिकटवून वाकवलेली फ्रेम, तारांचा ताण तिला रात्रंदिवस आत ओढतो, त्यात आपल्याकडचा 45 डिग्रीचा मे आणि मग पावसाळ्याची ओल, प्रेस नसेल तर वाकणारच. म्हणजे बघा, तीस वर्षं आम्ही जिला हार घालत होतो तीच कामातून गेली आणि जिला सगळे विसरले ती शाबूत. काकांना हे फोनवर सांगितलं तर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

प्रेसमधलीच्या तारा अस्सल होत्या, आतड्याच्या. आपण गटिंग गटिंग म्हणतो ते त्यावरूनच, गट म्हणजे तात. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असायची तीच जात. पण वाळून कडक झालेली, दोनतीन ठिकाणी तुटलेली. मी म्हटलं कापून टाका सगळी, तर त्यांनी मधल्या उभ्या आडव्या तारेपासून सुरुवात केली आणि एक इकडची एक तिकडची करत कडेपर्यंत गेले. एकाच बाजूने कापत गेलं तर उरलेला ताण फ्रेमला पिळतो आणि जुनं लाकूड तडकतं म्हणे. मला हे माहीतच नव्हतं, घरी कात्री घेऊन बसलो असतो तर वाटच लागली असती.

नवीन तार साधी 0.70 एमएमची टाकली. पोरीच्या रॅकेटला 24 पौंड ताण असतो, हिला 14 च दिला, वर जाणारच नाही म्हणाले. जुन्या लाकडी फ्रेमच्या भोकांना प्लास्टिकच्या ग्रोमेट, म्हणजे तार ओवायच्या छोट्या नळ्या, नसतात, बारीक तार लाकूड कापत जाते, म्हणून टॉर्च लावून एकेक भोक बघितलं आणि जिथे कड झिजलेली तिथे पातळ नळीचे तुकडे बसवले. मी उभा होतो तेव्हा बॅडमिंटनपटू नंदू नाटेकरांचा विषय निघाला, 1956 ला क्वालालंपूरला जिंकले, परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय, ते याच लाकडी फ्रेमच्या जमान्यात. वाकलेलीला मात्र ताण द्यायला साफ नाही म्हणाले, तारा काढून दिली, तिचे पैसेही घेतले नाहीत. एकूण 450 रुपये.

आता तक्रारी. चार दिवस सांगून एकोणीस दिवस लावले. फोन उचलत नाहीत. पावती नाही, वहीत नाव लिहितात आणि वही सापडत नाही. आणि सगळ्यात डोकं फिरलं ते ग्रिपवरून, न विचारता पोपटी रंगाची चिकट ग्रिप गुंडाळून ठेवलेली! खाली चामड्याची जुनी ग्रिप, तिच्यावर आप्पांच्या अंगठ्याचा काळा डाग होता. नशिबाने वरूनच गुंडाळली होती, घरी येऊन हळूहळू सोडवली, डाग आहे पण चिकटपणा अजून गेलेला नाही. दुकानदार म्हणे चामडं घामाने सटकतं. बरोबर असेल, पण विचारायचं ना भो.

खेळून बघितलं. वजनकाट्यावर 128 ग्रॅम भरली, पोरीची नवीन 84. दहा मिनिटांत मनगट भरून येतं, स्मॅश नाहीच, पण नेटजवळचे ड्रॉप इतके मऊ पडतात की पोरगी म्हणते पप्पा हिच्यावर चुकताच येत नाही. दुकानदाराने निघताना बजावलं होतं, "खेळानी वस्तू शे, खेळू द्या, पन डबल्स नको." डबल्समध्ये रॅकेटला रॅकेट लागली की लाकडी गेलीच. त्यामुळे महिन्यातून एखाद्या रविवारी, सिंगल्स, अर्धा तास, आणि खेळ संपला की लगेच प्रेसमध्ये. नट एका दमात आवळायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे. वाकलेली काकांकडे फ्रेममध्ये गेली, त्यांचंही समाधान झालं.

कामाला पाचपैकी पाच, वेळेला एक. दुपारी एक ते पाच दुकान बंद असतं, उन्हात जाऊ नका. आणि जुनी रॅकेट नेणार असाल तर ग्रिपचं देतानाच सांगा, दोनदा सांगा.